न सांगता नेलेला वजीर

या, जरा पुढं सरका. दाराशी उभे राहिलात तर अर्धंच ऐकू येईल, आणि अर्धी गोष्ट घरी नेली तर घरचे विचारतील, एवढा वेळ होतास कुठं? गोष्ट लहानशीच आहे. तिच्यात राक्षस नाही, राजपुत्र नाही. राजे आहेत, पण लाकडाचेसुद्धा नाहीत, नुसते पडद्यावरचे. एक भाचा आहे, एक मामी आहे, आणि मामा आहेत, म्हणजे होते. देवानं माणसाला जीभ दिली ती खाण्याखेरीज आणखी कशासाठी, एवढंच मला आज तुम्हाला सांगायचं आहे. नीट सांगता आलं तर त्याची कृपा, नाही आलं तर माझी जीभ जड.

तर हा भाचा दुपारी कचेरीत आपल्या जागेवर बसला होता. डबा खाऊन झालेला, डोळ्यांवर थोडी झापड, समोरच्या पडद्यावर दोन गावांतली दोन यंत्रं एकमेकांशी बुद्धिबळ खेळत होती आणि त्याला त्यात काही करायचं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. मामीचा. मामी कचेरीत फोन करत नसे. कामाच्या वेळी माणसाला फोन करणं म्हणजे जेवत्या ताटावरून उठवणं, असं तिचं मत. म्हणून त्यानं घाईनं उचलला. पलीकडून मामी अगदी सरळ आवाजात म्हणाली, "अरे सोन्या, ऐक. ह्यांनी आज न सांगता माझा वजीर नेला." भाच्यानं विचारलं, "कुणी?" "ह्यांनी," मामी म्हणाली, आणि अडखळली. तिचं तिलाच ऐकू गेलं असावं. मागून घड्याळाची टिकटिक येत होती. "म्हणजे त्या टेबलावरच्या डब्यानं रे, यंत्रानं," ती म्हणाली. "तू कामात असशील. ठेवते." आणि ठेवलाच.

भाचा फोन हातात धरून तसाच बसून राहिला. मामा जाऊन वर्ष होत आलं होतं. मामी त्यांचं नाव कधी घेत नसे. समोर असले की 'अहो', नसले की 'हे', आणि आतल्या खोलीत असले की नुसतं भांडं वाजवलं तरी ते उठून येत. ते गेल्यावर 'हे' या शब्दाचं काय झालं असेल, याचा भाच्यानं कधी विचार केला नव्हता. माणूस गेला की त्याचे कपडे कुणाला तरी द्यावे लागतात, चष्मा कुठल्याशा खणात जातो. सर्वनामाचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. मामीनं ते टाकून दिलं नव्हतं. घरातल्या घरात, एका टेबलावरच्या यंत्राला देऊन टाकलं होतं, आणि रोज दुपारी ती त्याच्याशी डाव मांडत होती. हे आपल्याला आज, चुकून, कळलं. कळलं ते कळलं. पण 'न सांगता' म्हणजे काय, ते काही त्याला उमगेना.

आता त्याचं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे त्या 'न सांगता'चा अर्थ कळेल. बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम पुष्कळ लोकांनी लिहिलेले असतात, कुणी पगारासाठी, कुणी हौसेनं. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या यंत्रात बसलेला. त्यांना एकमेकांशी खेळवायचं तर मध्ये कुणीतरी हवं, ह्याची खेळी त्याला आणि त्याची ह्याला पोचवणारं. पूर्वी माणसं ते काम करत. एकानं फोनवर सांगायचं, घोडा अमुक घरात, दुसऱ्यानं आपल्या यंत्रात टाकायचं. त्यात गफलती व्हायच्या, भांडणं व्हायची. भाच्यानं त्यासाठी एक मध्यस्थ प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं निरोप्या. निरोप्या नेटवर्कवरून खेळी उचलतो, पलीकडे ठेवतो, घड्याळ बघतो, नियमात न बसणारं काही आलं की 'चुकीची खेळी, सामना गमावला' असं लिहून डाव संपवतो. तो कुणाचा नाही. कचेरीतले लोक आता भाच्यालाच निरोप्या म्हणत. विभागाच्या बाई तर सर्वांसमोर म्हणत, "काय निरोपेबुवा, आज कुणाचं लग्न जुळवताय?" दरवर्षी या दिवसांत सामन्यांची मोठी साखळी असे, दूरदूरचे प्रोग्राम आपसात खेळत, आणि पहिले येणारे थोडे पुढच्या वर्षी आपोआप आत. या वर्षी मामांचा प्रोग्राम वरच्या ओळीत होता. एक सामना उरला होता. जिंकला की जागा पक्की.

मामांनी तो प्रोग्राम लिहिला तेव्हा भाचा त्यांच्याच घरी राहून शिकत होता. मामा लिफ्ट दुरुस्त करत. आयुष्यभर उंच इमारतींच्या पोटातून, तेलकट दोरांमधून वरखाली केलेलं. नव्या लिफ्ट आल्या तशी त्यांची यंत्रभाषा शिकले, आणि त्याच भाषेच्या वाटेनं पुढं बुद्धिबळात घुसले. लिफ्टबद्दल त्यांचा एक हट्ट होता. दार मिटण्याआधी घंटी झालीच पाहिजे. घंटी बिघडली आणि बाकी सगळं ठीक असलं तरी ते लिफ्ट चालू करू देत नसत. इमारतीचा व्यवस्थापक हात जोडे, "अहो, माणसं जिन्यानं चढतायत, घंटीचं उद्या बघा." मामा म्हणत, "यंत्रानं हलायच्या आधी सांगावं. न सांगता हलतं ते यंत्र नव्हे, जनावर." आणि जिन्यावर बसून घंटी जोडत राहत. भाच्याला हे सगळं आता, फोन हातात असताना, का आठवत होतं? सांगणं, न सांगणं. त्यानं निरोप्याची खिडकी बाजूला केली आणि मामांचा प्रोग्राम उघडला, आणि उघडता उघडताच त्याला आठवलं, आपण काय केलं ते.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत मामांचा प्रोग्राम साखळीत यायचा आणि हरायचा. हरण्याची तऱ्हा विचित्र होती. छान खेळत असे. समोरचा कोंडला जाई. आणि नेमका भरात आला असताना निरोप्या लिहून टाकी, 'चुकीची खेळी, सामना गमावला.' जिंकत आलेला डाव चुकीची खेळी खेळून कोण घालवतं? भाच्याला वाटे, म्हातारपणाची चूक, कुठंतरी गणित फसतंय. तो म्हणे, "मामा, मी बघू का?" मामा बनियनवर खिडकीत बसून पाय हलवत म्हणत, "असू दे. हरला तर हरला." त्यांचा आवाज इतका शांत असे की भाच्याला दया येई. दया, हो. आपल्याला जे दिसतंय ते यांना दिसत नाही आणि मान्यही करवत नाही, असली दया. मामा गेल्यावर, या वर्षी, साखळी सुरू व्हायच्या आधी त्यानं मनाशी ठरवलं की मामांची एवढी चूक आपण निस्तरायची. आणि शोधल्यावर ती सापडलीसुद्धा. प्रोग्राममध्ये एका ठिकाणी असं होतं की समोरच्याचा वजीर मारायची संधी दिसली की मारण्याआधी काहीतरी अक्षरं पाठवायची आणि क्षणभर थांबायचं. काय अक्षरं? ते भाच्याच्या पडद्यावर दिसेना. मामांनी आपल्या घरच्या यंत्रात अक्षरांचे साचे स्वतः केले होते, ते त्या यंत्राबाहेर कुठंच नव्हते, त्यामुळं इथं त्या ओळीत नुसते रिकामे चौकोन उभे होते, एकापुढं एक. ते चौकोन निरोप्याकडे जात, निरोप्याला वाटे ही खेळी आहे, आणि असली खेळी नियमात नाही. झालं. भाच्याला तेव्हा हसू आलं होतं. कचरा, तो म्हणाला, जुना कचरा राहून गेलाय. आणि ती ओळ त्यानं पुसली. प्रोग्राम जिंकू लागला. बाईंनी त्याला चहा पाजला. "मामांनी नाव काढलं," त्या म्हणाल्या, आणि भाच्याचे डोळे भरून आले होते. ते पाणी आता त्याला आठवलं आणि लाज वाटली.

कारण निरोप्याची एक सवय होती, आणि ती त्यानंच लावलेली. कुणी मध्येच लबाडी करू नये म्हणून निरोप्या प्रत्येक सामन्याआधी बघे, की हा प्रोग्राम जिथं जिथं राहतो तिथं तिथं त्याची एकच प्रत आहे ना. नसेल तर जुनी काढून नवी ठेवायची. मामांचा प्रोग्राम दोन ठिकाणी राहत होता. एक इथं. दुसरा मामीच्या टेबलावर, ज्या यंत्राची तार भाच्यानंच परवा कौतुकानं नेटवर्कला जोडून दिली होती, काही बिघडलं तर इथून बघता यावं म्हणून. निरोप्यानं काल संध्याकाळी मामीच्या घरात शिरून ती ओळ नेली होती. चपला न वाजवता. आणि मागं काही ठेवलं नव्हतं, कारण ठेवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग ते चौकोन काय होते? भाच्यानं ते पुसले तेव्हा वाचले नव्हते. वाचता येतच नव्हते. म्हणजे आता जगात कुठंही, कुठल्याही यंत्रात, ते शब्द नाहीत. मामांच्या हातचं आणखी पुष्कळ काही शिल्लक होतं, खिळ्यांचे डबे, पेचकस, दाराला लावलेली कडी, पण बोलणं? त्यांचा आवाज कुणी भरून ठेवला नव्हता. बोलण्यातलं तेवढंच उरलं होतं, आणि ते आपण कचरा म्हणून झाडलं.

तो बाईंना सांगून निघाला. बसमध्ये खिडकीशी बसला. रस्त्यावर कुणीतरी शिडी लावून दिव्याच्या खांबावर चढत होतं, खाली दुसरा माणूस शिडी धरून वर बघत काहीतरी सांगत होता, आणि वरचा मान हलवत होता. एक बाई दुकानाच्या पायरीवर पिशव्या ठेवून हातांची आग घालवत उभी होती. भाच्याच्या मनात मामा गेले तो दिवस परत परत येत होता, जो त्यानं पाहिलाच नव्हता. मामी आत होती. मामा टेबलाशी बसले होते. ती बाहेर आली तेव्हा ते तसेच बसलेले, फक्त. लोक तिला म्हणाले, भाग्याचं मरण, कुणाला त्रास नाही, काही नाही. ती सगळ्यांना म्हणाली, "हो." तेराव्यानंतर एकदाच, भाच्याला वाढता वाढता, ती म्हणाली होती, "एवढं तेवढं सांगणारा माणूस." वाक्य तिथंच राहिलं होतं. त्यानं तेव्हा आणखी भात मागून घेतला होता.

मामीनं दार उघडलं आणि म्हणाली, "एवढ्याशासाठी आलास? मी काय मरत होते?" पण बाजूला झाली. घर तसंच होतं, नको तितकं आवरलेलं. पडद्यावर डाव अर्धा पडला होता. मामीचा वजीर नव्हता. भाचा खुर्ची ओढून बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला, ओळीचं, चौकोनांचं, निरोप्याचं. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तू पुसलंस."

"मी पुसलं."

"न वाचता?"

"वाचता येत नव्हतं, मामी. चौकोन होते नुसते."

"मला विचारायचंस. मला येत होतं." तिनं पदर सारखा केला. "शिकलेली माणसं तुम्ही. ह्याला विचारता, त्याला विचारता, घरच्या माणसाला तेवढं विचारत नाही. आणि तो तुझा कोण, निरोप्या, तो काय नेतो रे मग?"

"खेळ्या नेतो. खेळीखेरीज काही आलं तर टाकून देतो."

"मग त्याला निरोप्या कशाला म्हणतोस? हमाल म्हण."

भाचा हसला. तो म्हणाला, "मी परत घालतो ती ओळ. आत्ता घालतो. फक्त काय लिहिलं होतं ते सांग." मामी एकदम उठली आणि आतून पाणी घेऊन आली, जे कुणी मागितलं नव्हतं. भाच्याच्या लक्षात आलं की ती लाजते आहे. सत्तरीला आलेली बाई, ज्या पोराचं नाक तिनं पुसलं त्याच्यासमोर लाजत होती. तो मान खाली घालून पाणी पीत राहिला. त्याला वाटत होतं, काय असेल? 'वजीर सांभाळा' असेल. 'सांभाळ' असेल की 'सांभाळा'? एवढ्याशा कान्यात केवढा संसार. की आणखी काही, भाच्यानं ऐकू नये असं?

"तू हसशील," मामी म्हणाली.

"नाही हसत."

"'दूध बघ' असं होतं."

भाचा बघत राहिला. "दूध?"

"अरे, नवीन लग्न झालेलं. स्वयंपाकघरातच पट मांडायचे, मी चुलीशी, हे पाटावर. मला शिकवत होते. मला काय, प्यादी आवडायची, वजीर कुठं तरी विसरून जायचे. ह्यांना तो घ्यायचा असला की म्हणायचे, 'दूध बघ गं, उतू जाईल.' मी उठून बघायला जायचे, तेवढ्यात वजीर गायब. कितीतरी दिवस मला कळलंच नाही. मला वाटायचं, केवढं लक्ष आहे ह्यांचं दुधाकडे." ती स्वतःच हसू लागली, तोंडाला पदर लावून. "एकदा दूधच नव्हतं त्या दिवशी. भांडं उपडं घातलेलं. तरी म्हणाले, दूध बघ. मग पकडलं मी. मग ठरलं, की वजीर घ्यायचा तर आधी 'दूध बघ' म्हणायचं आणि मी बघेपर्यंत थांबायचं. लबाडीचाच शब्द, पण मग तोच खुणेचा झाला. ह्यांनी डबा आणला तेव्हा पहिल्यांदा त्याला तेवढंच शिकवलं. खेळायला नंतर शिकवलं."

मग तिनं भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, पडद्यावरच्या रिकाम्या घराकडे बघत होती. साखळीत प्रोग्राम का हरतो हे मामांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. लिफ्टच्या माणसाला घंटी कुठं अडते ते कळणार नाही? मामीनं स्वतः सांगितलं, अहो, काढून टाका ते, परक्यांत कशाला ते दूधबिध, त्यांच्या यंत्राला काय चूल आहे? मामा म्हणाले होते, "एका जागी काढलं की सवय मोडते." तेवढंच. आणि जाऊन खिडकीत बसले होते पाय हलवत. भाचा ऐकत होता आणि त्याच्या आत ती सगळी दया, वर्षावर्षांची, घडी करून ठेवलेली, उलगडून जमिनीवर पडत होती. 'असू दे. हरला तर हरला.' तो शांत आवाज थकल्याचा नव्हता. त्या माणसाला माहीत होतं. भाच्याला वाटलं, मी विचारलं असतं, 'का असू दे?' तर सांगितलंही असतं. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर आधीच ठाऊक होतं.

त्यानं आधी मामीच्या यंत्राची तार काढली, म्हणजे निरोप्या या घरात पुन्हा येणार नाही. मग प्रोग्राम उघडला. मामांचे अक्षरांचे साचे याच यंत्रात होते, त्यामुळं इथं शब्द शब्दांसारखे दिसत. त्यानं ओळीची जागा शोधली आणि हात कळांवर ठेवून थांबला. "मामी," तो म्हणाला, "आता हे मी लिहिलेलं असेल. त्यांनी नाही."

मामी त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "लिही," ती म्हणाली. "त्यांनीही माझंच ऐकून लिहिलं होतं. 'बघ' लिही, 'बघा' नको. नि पुढं टिंब देऊ नको, ह्यांचं वाक्य कधी संपायचं नाही." भाच्यानं लिहिलं. थांबण्याचा क्षण कितीसा होता ते त्याला आठवेना. मामी म्हणाली, "मी चुलीपर्यंत जाऊन येईन एवढा." ती गेली आणि आली, आणि त्यानं तेवढा ठेवला.

निघताना ती दारात म्हणाली, "तिथला तसाच राहू दे हां. जिंकतोय तर जिंकू दे बापडा. लोक नाव घेतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा सामना. भाचा लवकर कचेरीत गेला. एक मार्ग असा होता की निरोप्यालाच शिकवावं, खेळी नसेल ते बोलणं समज आणि पुढं ने. पण साखळी चालू असताना मध्यस्थानं आपल्या घरच्यासाठी नियम बदलायचे, हे त्याला पटेना. ते पुढच्या वर्षी, सगळ्यांना विचारून. ओळ मात्र मामांच्या प्रोग्राममधली होती, ती लिहिण्याचा हक्क मामांचा होता, आणि मामांनी आपला निर्णय कधीच घेतलेला होता. मामीच्या यंत्रातून उतरवून आणलेली ती ओळ त्यानं परत घातली. बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "निरोपेबुवा, हे काय? हातचा घास टाकताय."

"घास माझा नाही, बाई."

"मग कुणाचा?"

त्यानं निरोप्याची खिडकी पुढं घेतली. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. डाव सुरू झाला. पलीकडचा प्रोग्राम कुणा लांबच्या शहरातला, भारी, लोक त्याला घाबरत. मामांचा प्रोग्राम बराच वेळ काही करत नव्हता, नुसती प्यादी सरकवत होता, घर आवरणाऱ्या बाईसारखा. मग एक उंट कोपऱ्यातून बाहेर आला आणि पलीकडच्याची मांडणी एका बाजूनं उसवू लागली. बाईंनी पाय वर घेतला. भाच्याला वजीर अडकताना दिसला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास धरलाय, पण हरण्याच्या भीतीनं नाही. त्याला वाटत होतं, विसरला तर? माझ्या हातची ओळ, नाही बोलला तर? पडद्यावर चौकोन उमटले. एकापुढं एक, रिकामे, वाचता न येणारे. भाच्यानं ते वाचले. पलीकडे त्या लांबच्या शहरातल्या यंत्रात ते पोचलेच नाहीत. निरोप्यानं ते उचलून बाजूला टाकले आणि नेहमीच्या अक्षरांत लिहिलं, 'चुकीची खेळी, सामना गमावला.'

बाई म्हणाल्या, "गेली जागा." आणि थोड्या वेळानं, "चांगला खेळत होता हो."

"हो," भाचा म्हणाला. त्यानं मामीला फोन लावला. कामाच्या वेळी. "मामी, हरला."

"का? तू घातलंस की काय तिथं?"

"घातलं."

"वेडा आहेस. ह्यांच्यावर गेलास." मग मामीनं विचारलं, "पण सांगितलं ना त्यानं आधी?"

"सांगितलं."

"मग झालं," मामी म्हणाली. "ये जेवायला."

तर बाबांनो, मायबाईंनो, गोष्ट इथं थांबली. जागा गेली ती गेली, तिचं दुःख कुणी करू नका. सगळ्यांचं सगळं एक दिवस न सांगताच नेलं जातं, तो कारभार वरच्याचा, त्याला आपण काय विचारणार? आपल्या हातात राहतं ते आपल्या माणसाला आधी सांगणं. म्हणून एवढं मागतो: उद्या घरात कुणी तुम्हाला हाक मारून एखादी साधी गोष्ट सांगेल, दार लाव, दिवा मालव, दूध बघ, तेव्हा 'हो हो' म्हणून टाळू नका. उठून बघा. आणि बघताना त्या लिफ्टवाल्या मामांची तेवढी आठवण ठेवा.